शब्दचर्चा: प्रतोद 'बजावतात' की नेमतात?

मुद्रितशोधक:
परवा एका बातमीत परत 'पक्षाने प्रतोद बजावला' वाचलं आणि राहवलं नाही. मी तेव्हा एका पेपरात मुद्रितशोधक होतो, 3 जुलै 2022 ची रात्र नीट आठवते, विधानसभा अध्यक्षाची निवडणूक होऊन नार्वेकर 164 मतांनी निवडून आलेले, साळवींना 107, आणि शिवसेनेच्या शिंदे आणि ठाकरे अशा दोन्ही गटांनी आपापला व्हीप, म्हणजे आमदारांनी मत कसं द्यायचं त्याचा हुकूम, काढलेला. कॉपी आली त्यात 'दोन्ही गटांनी प्रतोद बजावले'. मी प्रतोद खोडून पक्षादेश केलं. वरून फोन आला, व्हीपला मराठीत प्रतोदच म्हणतात, शहाणपणा नको, आणि सकाळी तसंच छापून आलं. आता मला सांगा, ठाकऱ्यांच्या बाजूला सुनील प्रभू प्रतोद, शिंद्यांच्या बाजूला भरत गोगावले प्रतोद (खरा कोण ते नंतर बघू), मग बजावलं काय, प्रभूंना आणि गोगावल्यांना? समन्स बजावतात, नोटीस बजावतात, आई पोराला बजावून सांगते. माणूस कसा बजावणार?

माझ्या मते प्रतोद हा माणूस आणि पक्षादेश हा त्याने काढलेला हुकूम. इंग्रजीत दोघांना मिळून एकच शब्द आहे, ते त्यांचं त्यांना लखलाभ, आपल्याकडे दोन असताना आपण त्यांचा एक का करतोय? चुकत असेन तर सांगा.

जुनी वही:
चुकत नाही आहात, पण तुमचा तो वरचा साहेबही अगदीच अडाणी नाही हं. प्रतोद हा मुळात माणूस नव्हताच, ती वस्तू. प्र + तुद्, तुद् म्हणजे टोचणं. सारथ्याच्या हातातला घोडे हाकायचा चाबूक नाहीतर टोचणी. महाभारतात नवव्या दिवशी भीष्म आवरेनात आणि अर्जुन मनापासून लढेना तेव्हा श्रीकृष्ण रथातून उडी टाकून धावतो ना, त्या वेळी हातात चक्र नसतं, नुसता प्रतोद असतो (चक्रवाला प्रसंग तिसऱ्या दिवशीचा, लोक दोन्हीची खिचडी करतात). इंग्रजीतलं उलट आहे. कोल्ह्याच्या शिकारीत एक 'व्हिपर-इन' असायचा, भरकटलेल्या कुत्र्यांना चाबकाने कळपात परत आणणारा गडी, त्याचं नाव आखडत आखडत व्हीप झालं. म्हणजे तिकडे माणसाचं नाव कागदाला चिकटलं आणि इकडे चाबकाचं नाव माणसाला. ज्याने कोणी हा प्रतिशब्द काढला त्याने कुत्र्यांच्या जागी घोडे बसवले, आमदारांनी उपकारच मानले पाहिजेत.

वऱ्हाडी ठेचा:
चाबूक नाई जी, टोचणीच. आमच्याकडे बैलाले टोचाच्या काडीले तुतारी म्हणतेत, टोकाले आर ठोकेल रायते. 2024 मंधी शरद पवारच्या पक्षाले 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह भेटलं तवा आमचा आबाजी टीव्हीपुढं म्हणे, आता बैलायचं काई खरं नाई.

जुनी वही:
वा, हे भारीच! संस्कृतात तोत्र म्हणजे हीच टोचणी, तीही तुद् पासूनच. तुमची तुतारी तिथून आली असेल का? वाजवायची तुतारी मग वेगळी. हा माझा नुसता अंदाज आहे, कोणी ठासून सांगू नका पुढे.

कोर्टकचेरी:
मजा सांगतो, पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट काढून बघा, 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेलं. त्यात व्हीप हा शब्दच नाही. राजकीय पक्षाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने दिलेल्या निर्देशाच्या विरोधात मत दिलं किंवा गैरहजर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्र, बस. म्हणून 'पक्षादेश' हा शब्द मला व्हीपपेक्षाही नेमका वाटतो, कारण हुकूम कोणाचा तर पक्षाचा, हे शब्दातच आलं.

आणि सगळी भानगड त्या 'पक्ष' वरच तर झाली. जून 2022 मध्ये शिंदे आमदार घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, इकडे ठाकऱ्यांनी गटनेतेपदावरून त्यांना काढून अजय चौधरींना बसवलं, तिकडे शिंदे गटाने ठराव करून गोगावल्यांना मुख्य प्रतोद केलं. म्हणजे एका पक्षाचे दोन गटनेते आणि दोन प्रतोद. 11 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही, आणि अध्यक्षांनी गोगावल्यांना मान्यता दिली ती बेकायदेशीर. गटालाच नेमू दिलं तर आमदाराची पक्षाशी असलेली नाळ तुटेल असं निकालात म्हटलंय, आणि तिथे खरंच नाळेचीच उपमा आहे हां, मी मराठीत आणताना घुसडलेली नाही. मग वाटलं संपलं. कुठलं काय! 10 जानेवारी 2024 ला अध्यक्षांनी निकाल दिला की शिंदे गट हाच खरा पक्ष, म्हणून गोगावल्यांची नेमणूक वैध. कोर्ट म्हणालं पक्ष नेमेल, अध्यक्ष म्हणाले बरोबर, आणि पक्ष म्हणजे हे.

काठावर पास:
अपात्र मात्र कोणीच झालं नाही ना? ना इकडचे ना तिकडचे. एवढा चाबूक उगारून वळ कोणाच्याच अंगावर नाही 😄

कोर्टकचेरी:
नाही झालं. ठाकरे गटाचे आमदार का वाचले ते तुमच्या 'बजावणे' साठी महत्त्वाचं आहे, गोगावल्यांचा व्हीप त्यांच्यापर्यंत रीतसर पोचलाच नाही असं अध्यक्षांनी म्हटलं. म्हणजे व्हीप वैध, पण बजावला गेला नाही. काढणं वेगळं आणि बजावणं वेगळं, आपण दोन्ही सर्रास एकाच अर्थाने वापरतो.

शेंगदाणा:
अहो हे बजावणं मी डोळ्यांनी बघितलंय. माझी मावशी नगरपालिकेत नगरसेविका होती, नगराध्यक्ष नगरसेवकांतून निवडायचे तेव्हाची गोष्ट. आमचे सगळे सदस्य 'सहलीला' गेलेले म्हणजे कुठे ते विचारायचं नाही, मावशी तेवढी गुडघ्याचं दुखणं सांगून घरीच. रात्री साडेनऊला दोन कार्यकर्ते आणि एक फोटोग्राफर दारात. व्हीप घ्या म्हणाले. मावशीने आतून कडी लावली आणि मला सांगितलं, सांग झोपल्यात. त्यांनी काय करावं, दारालाच फेविकॉल फासून कागद चिकटवला, शेजारच्या काकांना साक्षीदार म्हणून सही करायला लावली, ते बिचारे लुंगीवर, आणि कागदाशेजारी उभं राहून फोटो काढले. मग खिडकीतून मोठ्याने ओरडले, 'ताई, बजावला बरं का!' दुसऱ्या दिवशी मावशी गेली आणि मुकाट हात वर केला, नाहीतर पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचे हेलपाटे घालत बसावं लागलं असतं.

मुद्रितशोधक:
ताई, बजावला बरं का 😂 हेच तर मी म्हणतोय, कागद बजावला, फोटोग्राफर नाही बजावला.

काठावर पास:
अजून एक खुपतं, 'तीन ओळींचा व्हीप'. लोकांना वाटतं पत्रात तीन ओळी मजकूर असतो. त्या ओळी म्हणजे मजकुराखाली मारलेल्या रेघा, ब्रिटिश पार्लमेंटची पद्धत. एक रेघ म्हणजे मतदान आहे एवढंच कळवलं, दोन म्हणजे हजर राहा, तीन म्हणजे हजर राहा आणि सांगतो तसंच मत द्या, नाहीतर बघतो. तीन रेघी म्हणा की सरळ. आणि तिकडे व्हीपचा तिसरा अर्थही आहे, खासदाराचा 'व्हीप काढून घेतला' म्हणजे संसदेतल्या पक्षगटातून बाहेर काढलं. आपल्याकडे 'व्हीप काढला' म्हणजे बरोबर उलट, जारी केला!

जुनी वही:
नेमका शब्द नेमक्या जागी हवा असेल तर मग फडणवीस-अजित पवारांचा 'पहाटेचा शपथविधी' पण घ्या. 23 नोव्हेंबर 2019 ला राष्ट्रपती राजवट उठली पाच सत्तेचाळीसला, ती पहाट म्हणा हवं तर. शपथ झाली आठच्या सुमारास, तोवर ऊन पडलेलं, दूधवाला येऊन गेलेला. पण 'सकाळचा शपथविधी' म्हटलं तर कोणाला काही वाटणार नाही, पहाट म्हटलं की चोरपावलं आलीच. त्या वेळीही तुमचाच प्रश्न होता, 54 सह्यांचं पत्र अजितदादांनी गटनेता म्हणून दिलेलं, राष्ट्रवादीने लगेच त्यांना काढून जयंत पाटलांना नेमलं, आता बहुमताच्या वेळी व्हीप कोणाचा चालणार यावर तीन दिवस नुसता काथ्याकूट. 26 ला फडणवीसांनी राजीनामा दिला म्हणून तो प्रश्न तसाच राहिला, नाहीतर 2022 चा सगळा तमाशा 2019 लाच झाला असता.

मुद्रितशोधक:
म्हणजे सध्या असं ठरवू का: प्रतोद नेमतात, पक्षादेश काढतात आणि मग बजावतात, आणि व्हीप बोलताना दोन्हीला चालेल पण छापताना एकालाच. त्याचं सामान्यरूप 'व्हिपाचं' की 'व्हीपचं'? मी व्हीपचं करतो, व्हिपाचं ऐकलं की काहीतरी खायचा पदार्थ वाटतो.

आणि शेंगदाणा, तो दारावरचा कागद आहे का अजून? त्यावर काय शब्द होता, व्हीप, पक्षादेश की प्रतोद?

शेंगदाणा:
मावशीला फोन केला. आहे म्हणे, फायलीत. वर मोठ्या अक्षरात 'पक्षादेश', त्याच्या खाली 'व्हीप', आणि सही गटनेत्याची, प्रतोद हा शब्द अख्ख्या कागदात कुठेच नाही. मागच्या बाजूला दाराचा हिरवा ऑइलपेंट निघून आलाय, त्या मतापेक्षा मावशीला राग त्याचाच जास्त आहे.