चतुर (ड्रॅगनफ्लाय) जवळ जाताच उडतो, खंड्या फोटोत काळा येतो. मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणारी) लेन्स घ्यावी का?

प्रश्न:
गेले तीन रविवार जवळच्या पाणथळ उद्यानात जातोय. ७०-३०० मिमीची झूम (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स आहे. चतुर दिसला की हळूहळू पुढे सरकतो, वीतभर अंतर राहिलं की तो उडतो. खंड्या छान फांदीवर बसला होता, पण मागे उजळ आभाळ, त्यामुळे नुसती काळी आकृती आली. मॅक्रो घेऊ का?

उत्तर १:
इतक्यात नको. मी सहा वर्षं अशाच झूमवर चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे कीटक) टिपतेय. या लेन्स बहुधा एक-दीड मीटरच्या आत फोकसच करत नाहीत, तेव्हा वीतभर जवळ जाऊन उपयोग नाही. चतुर उडाला तर मागे धावू नका, तिथेच बसा. कित्येक चतुरांची काडी ठरलेली असते. एखादं चिलट पकडून ते परत तिथेच येतात. त्या रिकाम्या काडीवर फोकस लावून ठेवा. तो आला की कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर हवा आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान, एफ/८, नाहीतर डोळे स्पष्ट आणि शेपटी धूसर येते.

शक्यतो उजाडताच जा. अंग तापेपर्यंत त्यांना नीट उडता येत नाही, पंखांवर दवाचे थेंब असतात. टाचणीला चाहूल लागली की ती काडीच्या पलीकडे सरकते. अंग इतकं बारीक की पूर्ण लपतं, फक्त काडीच्या दोन्ही बाजूंनी एकेक डोळा बाहेर राहतो. मला तो फोटो फार प्रिय आहे.

खंड्याला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक-दीड स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. पांढऱ्या बगळ्याला उलट, कमी करा, नाहीतर फोटोत पिसं नुसती पांढरीफटक येतात. किंवा दोन पावलं सरकून मागे झाडी येतेय का बघा.

उत्तर २:
बसण्याआधी जागा मात्र नीट बघा. शेकाट्या हा लांब पायांचा पाणपक्षी काठाच्या चिखलातच अंडी घालतो. जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर घरटं जवळ आहे असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा. फोटो पुन्हा मिळेल, उन्हात उघडी पडलेली अंडी मात्र लवकर तापतात.

प्रश्नकर्ता:
आज उजाडताच गेलो. लव्हाळ्याच्या पात्यावर चतुर कात टाकून बाहेर आला होता. पंख दुधी, ओलसर. रिकाम्या कातीतून पांढरे धागे लोंबत होते. वाऱ्याने पातं हलत होतं, उजेड कमी, शटर १/१०० सेकंदावर. सगळे फोटो हलले. पातं हाताने धरलं असतं तर चाललं असतं का?

उत्तर १:
नाही, अजिबात नको. तेव्हा पंख इतके मऊ असतात की जरा धक्का लागला तर कायमचे वाकडे होतात, मग तो उडूच शकत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवा, म्हणजे शटर जलद ठेवता येईल, आणि वारा क्षणभर पडला की सलग पाच-सहा फोटो घ्या.