लिबरल आर्ट्स पदवी: खर्च आणि कमाईचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न: अमेरिकेतील एका महाविद्यालयाच्या लिबरल आर्ट्स (साहित्य, समाजशास्त्रे, विज्ञान अशा विविध विषयांच्या) अभ्यासक्रमाचे जाहीर शुल्क आणि ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या अमेरिकी शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील पदवीधरांची मध्यक कमाई शेजारी ठेवली, तर हिशेब जुळत नाही. या आकड्यांवर कितपत विसंबावे?

उत्तर १: जाहीर शुल्कापेक्षा निव्वळ खर्च, म्हणजे शिष्यवृत्ती व अनुदान वजा जाता उरणारी रक्कम, पाहावी, कारण २०२४-२५ मध्ये एकट्या पेल अनुदानाची (गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानाची) कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. कमाईचा आकडा मात्र केवळ संघीय आर्थिक साहाय्य घेतलेल्यांचा असतो, त्यामुळे असे साहाय्य न घेता शिकलेले, तसेच त्यासाठी अपात्र असलेले परदेशी विद्यार्थी त्यात येतच नाहीत. माझ्या मते कमाईच्या आकड्याची ही त्रुटी ठळकपणे सांगितली जायला हवी.

उत्तर २: पदवीचा स्तरही तपासावा. दोन वर्षांची असोसिएट पदवी अनेकांसाठी चार वर्षांच्या पदवीकडे जाण्याची पायरी असते. दोहोंची तुलना निरर्थक ठरेल.

उत्तर ३: स्कोअरकार्डवरील विद्यार्थ्यांच्या वंशनिहाय आकडेवारीतही अशीच काळजी घ्यावी; तीत परदेशी विद्यार्थ्यांचा गट स्वतंत्र असतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेली भारतीय विद्यार्थिनी ‘आशियाई’ रकान्यात मोजली जात नाही, आणि नेमकी येथेच पुष्कळांची गफलत होते.