अनुभव धागा : लेकराचं पोट साफ होत नाही तेव्हा

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. मुलगा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर ताबा राहत नाही). मान धरतो, आधारानं बसतो, बोलत नाही. फिजिओथेरपीच्या बाकावर आम्ही आया फिट्सचं बोलतो, बुटांचं बोलतो, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी घातलेल्या खेपांचं बोलतो. 'आज शी झाली का?' एवढं मात्र कुणी कुणाला विचारत नाही, आणि कितीतरी रात्री जागून जातात त्या त्याच्याच पायी. म्हणून हा धागा. उपयोग झाला ते लिहा, चुकलं तेही लिहा. औषधाचं नाव चालेल, मात्रा नको. ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायची.

आधी माझं सांगते. गेल्या एप्रिलमध्ये, पारा ४२ च्या वर असताना, त्याला दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शी व्हायला लागली. थोडी थोडी, डायपरला डाग पडण्याइतकीच. मी जुलाब समजले. ताक-भात सुरू केला आणि मेडिकलमधून जुलाब थांबवायचं औषध आणलं. चौथ्या दिवशी पोट टम्म, पाय कात्रीसारखे आवळलेले, घास तोंडाला लावू देईना. डॉक्टरांनी त्याच्या पोटावर डावीकडं खाली हात ठेवला, मग माझा हात धरून तिथंच टेकवला. आत उन्हात वाळलेल्या ढेकळासारखं टणक लागलं. शी आत साठून तिचा गोळा झाला होता आणि पातळ होती ती त्याच्या कडेनं झिरपत होती. मी चार दिवस ते आणखी घट्ट करत होते.

पेगच्या पावडरीनं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, शी मऊ करणारं औषध) आतलं सगळं निघायला आठवडा गेला. मग रोजची मात्रा सुरू झाली. तीन आठवडे छान चाललं म्हणून मी आपल्या मनानं बंद केली, आणि महिन्याभरात पुन्हा तेच ढेकूळ. ताणलेलं आतडं पूर्वीसारखं व्हायला महिने लागतात, तोवर औषध सोडायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. सवय लागेल या भीतीनं सोडू नका.

अक्कलकोट रोड, एक बाबा :
घरी आम्ही तेलुगू बोलतो, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. मी टॉवेलच्या कारखान्यात आहे. मुलगी ११ वर्षांची, स्पायना बिफिडा. पाठीत जन्मतः गाठ होती, ऑपरेशन झालं, पण खालच्या नसांचा निरोप पोचत नाही. शी आलेली तिला कळतच नाही, म्हणून केळी-पपई कितीही दिली तरी तेवढ्यानं भागत नाही. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं घरीच एनिमाची नळी लावून एक दिवसाआड संध्याकाळी आतडं धुतो. पाऊण तास लागतो. पहिले दोन महिने बायको रडायची, मीही. आता मुलगी शाळेत दिवसभर कोरडी राहते, शेजारी बसायला मैत्रीण आहे. अशा मुलांना रबराची ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा नळी आणि हातमोजे लेटेक्स नसलेलेच मागा.

मोहोळ, एक आई :
आमच्या घरात जुन्या रिवाजाप्रमाणं दर आठवड्याला एरंडेल. माझ्या मुलीला गिळताना ठसका लागतो. एकदा सासूबाईंनी मांडीवर आडवी घेऊन चमच्यानं तेल पाजलं आणि ते श्वासनलिकेत गेलं. दोन दिवसांत ताप, छातीत घरघर, मग न्यूमोनियासाठी सात दिवस दवाखाना. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिनही (पोट साफ करायचं तेल) या मुलांना याच कारणासाठी देत नाहीत. सासूबाईंना मी बोलले नाही, त्यांना माझ्याहून जास्त लागलं होतं. आता पोट चोळायचं काम त्यांचंच. उजवीकडं खालून वर, बेंबीच्या वरून आडवं, मग डावीकडं खाली. आतड्याची वाटच तशी आहे. हात कोमट करून दहा मिनिटं, जेवणानंतर लगेच नाही. चोळता चोळता त्या ओवी म्हणतात, आणि मुलीचे आवळलेले पाय हळूहळू सैल पडतात.

विजापूर रोड, एक आई :
मुलगा ७ वर्षांचा, ऑटिझम. खातो म्हणजे दूध-बिस्कीट आणि पांढरा भात. एकदा कडक शीनं जागा चिरली, तेव्हापासून शी आली की टाचा उचलून, पाय आवळून दाराच्या मागं उभा राहायचा. आम्हाला वाटायचं जोर करतोय. तो अडवत होता. आधी औषधानं शी मऊ केली, दुखत नाही हे त्याला पटायला दोन महिने गेले. दूध डॉक्टरांशी बोलून कमी केलं. फ्लशच्या आवाजाला घाबरायचा, म्हणून तो बाहेर पडल्यावर आम्ही बादलीनं पाणी टाकतो. नाश्त्यानंतर वीस मिनिटांनी बसवायचं, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं. पाच-सात मिनिटं, जास्त नाही. पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. आमच्याकडं जुन्या सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी पायाखाली असते, गुडघे कमरेपेक्षा वर येतात.

होटगी रोड, एक मावशी :
बहिणीच्या मुलीला डाऊन सिंड्रोम. बद्धकोष्ठता वाढली, त्वचा कोरडी पडली, झोप वाढली. थायरॉइड निघालं. तपासून घ्या, एवढंच.

मंगळवेढा, एक आजी (नातू लिहून देतोय) :
बाळांनो, भाकरी कडक असती, अशा लेकराला तशी देऊ नका. ताजी भाकर कुस्करून आमटीत पुरती मुरवायची, वर शेंगाचं तेल. रात्री भिजवलेलं अंजीर सकाळी वाटून. पाणी एकदम पीत नाही आमचं लेकरू, म्हणून दर तासाला चार-चार चमचे. इसबगोल मी आपल्या मनानं दिलं होतं, पाणी कमी असल्यानं पोट आणखी धरलं. भुसा पाण्याशिवाय फुगून बसतो.

विजापूर रोडच्याच भागातला, एक बाबा :
मोहोळच्या ताई, एक विचारू? आमच्या मुलाचं पाणी आम्ही पावडर घालून घट्ट करून देतो, नाहीतर ठसका लागतो. त्यातच पेग घातलं तर चालेल का?

मोहोळ, एक आई :
दादा, थांबा! स्टार्चची घट्ट करायची पावडर असेल तर पेग घातल्यावर ते पाणी पुन्हा पातळ होतं आणि ठसक्याचा धोका तसाच राहतो. माझ्या स्पीच थेरपिस्टनी वाटीत करून दाखवलं होतं, बघता बघता चमच्यावरून पाण्यासारखं ओघळलं. डब्यावर कशाची पावडर आहे ते बघा आणि डॉक्टरांना विचारून मगच द्या.

जुळे सोलापूर (धागा काढणारी) :
हे मलाही माहीत नव्हतं, आमच्याकडं तीच पावडर आहे. उद्या फोन करते. आणखी एक, लाळ कमी करायच्या औषधानंही पोट धरतं, माझ्या मुलाचं ते चालू होतं हे मी पोटाच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. जाताना सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. हिरवी उलटी, फुगून ताठ झालेलं पोट, शीत रक्त किंवा ताप दिसला तर घरचं काही करत बसू नका, रात्र असली तरी निघा.