मदत हवी आहे: रिदम गेमच्या स्टोरी मोडमध्ये प्लेयर फेल झाला की गोष्ट पुढे कशी न्यायची?

कोकणकडा२: रिदम गेम (तालावर टॅप करत वाजवायचा गेम) करतोय, ट्रॅक रेडी आहेत, नोट्स (कधी टॅप करायचं त्या खुणा) बसवून झाल्यात, फक्त स्टोरी मोडवर घोडं अडलंय. फेल झालं की परत तोच सीन परत तोच ट्रॅक, लोक वैतागून बंद करतात, आणि फेल काढूनच टाकला तर वाजवण्याला अर्थ उरत नाही. महिनाअखेरीला डेमो आहे, प्लीज लवकर सांगा.

रात्रपाळी: मोबाइल की पीसी? गोष्ट कशाची? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

बेसूर_बंड्या: 'एलिट बीट एजंट्स' खेळा, निन्टेन्डो डीएसवरचा, २००६ चा. गाणं मध्येमध्ये थांबतं आणि तोवर कसं वाजवलंय त्यावर पुढचा सीन चांगला की वाईट ते ठरतं. चुकलं की कमी होणारा मीटर संपला की फेल आहेच, पण त्याआधी गोष्टीत ज्याला मदत करतोय त्या माणसाचं आपल्यामुळे काय होतंय ते दिसत राहतं.

सोनचाफा: ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा येतो, त्यामुळेच फेल होत असतील. आधी कॅलिब्रेशन (आवाज आणि टॅप जुळवायची सेटिंग) टाका.

कोकणकडा२: कॅलिब्रेशन आहे हो, प्रश्न गोष्टीचा आहे. अँड्रॉइड. ढोल-ताशा पथकात नवीन आलेली मुलगी, सरावापासून विसर्जन मिरवणुकीपर्यंत. मित्रांच्या पथकाचे हात (म्हणजे वाजवायचे ठेके) रेकॉर्ड केलेत.

रात्रपाळी: अहो मग हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!

ताशेवाला_पुणे: मी पथकात ताशा वाजवतो. एक ढोल चुकला म्हणून मिरवणूक थांबते का? चुकलेला थांबतो, ताशा ऐकतो आणि पुढच्या आवर्तनाला परत शिरतो. तेच करा, फेल झालं की तिचा ढोल गप्प, ताशा चालू, आणि नीट परत शिरता आलं तर गोष्ट पुढे. फारच चुकली तर दुसऱ्या दिवशी झांज द्या हातात.

झांजकरीण: झांज ही शिक्षा आहे का दादा? तासन्‌तास वाजवून बघा, मग बोला. त्यापेक्षा तिला मागच्या रांगेत पाठवा.

ताशेवाला_पुणे: बरोबर आहे ताई, मागची रांगच ठेवा.

बेसूर_बंड्या: असं सोपं केलं तर कोण मन लावून वाजवणार? 'गिटार हीरो: वॉरियर्स ऑफ रॉक'मध्ये (२०१०) तारे जमवायचे असतात, एक गाणं अडलं तरी बाकीच्यांतून तारे मिळतात आणि ठराविक जमले की ज्या पात्राची ती गाणी, त्या पात्राचं रूपच बदलतं.

ताशेवाला_पुणे: चालू हातात परत शिरणं सोपं वाटतंय तुम्हाला?

कोकणकडा२: ताशाचं जाम आवडलं, तेच करतो. पण ढोल-ताशा एकाच रेकॉर्डिंगमध्ये आहेत, ढोल एकटा बंद कसा करू?

सोनचाफा: आणि ब्लूटूथवर टेस्ट करा खरंच.

ताशेवाला_पुणे: वेगळं करत बसू नका, परत रेकॉर्ड करा. आधी एकटा ताशा घ्या, मग तोच कानात लावून ढोल. उलटं केलंत तर लय सरकेल.