काजू कारखान्यात नवीन सुपरवायझर झालेय, मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला जावं का?

काजूवाली_वेंगुर्ला
आमच्या काजूच्या कारखान्यात मी ग्रेडिंगला होते. शिमग्यानंतर शेठनी सोलणी आणि ग्रेडिंगची सुपरवायझर केलं. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांनाच आता "हात जरा बेताने चालव" म्हणायचं, जीभ रेटत नाही. त्यातल्या दोघी तर माझ्या चुलतसासवा. मजुरी किलोवर, त्यामुळे सगळ्यांना घाई. पाकळी (दोन फाकी झालेला गर) नि तुकडा वाढला की शेठ मला विचारतात.

बॉयलर, कटिंग आणि बोर्मा (गर सुकवायची भट्टी) बघणारे भाऊ कारखाना सुरू झाल्यापासूनचे आहेत. शेठ म्हणतात, दोघांनाही पुण्याला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवतो, नवीन आणि अनुभवी मॅनेजर एकत्र. भाऊंचं म्हणणं, "आता मला कोण काय शिकवणार?" खरंच उपयोग होतो का?

लोटे_रिटायर्ड
ताई, मी लोटे-परशुरामला एका केमिकल कंपनीत होतो. प्रॉडक्शन बघितलं, शेवटी ट्रेनिंगचं खातंही माझ्याकडे आलं. हॉटेलातली ही ट्रेनिंगं भरपूर पाहिलीत. पहिल्या दिवशी ओळखीचे खेळ, दुसऱ्या दिवशी नेतृत्वावर स्लाइडी, चार वाजता फीडबॅक फॉर्म. जेवण चांगलं असेल तर फॉर्मही चांगला भरतात लोक.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकलात का, कामावर वागणं बदललं का, धंद्यात फरक पडला का. फॉर्म पहिल्या पायरीवरच संपतो. म्हणून जायच्या आधी शेठनाच विचारा की आम्ही परत आल्यावर तुम्हाला काय बदललेलं दिसायला हवं. तुमच्याकडे मोजायला सोपं आहे: सोललेल्या शंभर किलोत अख्खा किती निघतो. आत्तापासून रोज वहीत मांडा, नाहीतर नंतर नुसत्या गप्पा.

तुम्हाला आधी हवंय ते नेतृत्व वगैरे नाही, काम शिकवायची रीत हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांची रीघ लागली, तेव्हा तिथल्या सरकारने सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम काढला. पुढे तो जपानात गेला, टोयोटानेही उचलला. त्यातला काम शिकवण्याचा भाग चार टप्प्यांचा: एक, समोरच्याला निवांत करा आणि त्याला किती येतं ते बघा; दोन, करून दाखवा, एका वेळी एकच पायरी; तीन, त्याच्याकडून करून घ्या, आणि करताकरता तो काय नि का करतोय ते बोलायला लावा; चार, मग सोडा, पण मधूनमधून जाऊन बघा.

खरी मेहनत आधीच्या कागदात असते. तीन रकाने पाडा: पायरी, त्यातली खुबी, आणि ती खुबी कशासाठी. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात. गर अख्खा राहिला तरच तो डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा (अख्ख्या गराच्या आकाराच्या) नंबरात जातो, मोडला की पाकळीच्या भावाने विकला जातो, हे तुम्हाला ग्रेडिंगमुळे पाठ आहे. सोलणारीला कोणी सांगितलंय का? आणि तिची मजुरी नुसत्या किलोवर असेल तर तिने हात बेताने का चालवावा? हा प्रश्न ट्रेनिंगचा नाही, दराचा आहे. तो शेठनीच सोडवायचा. बायकांना बोल लावून सुटणार नाही.

देवगडचो_झिल
काकांनू, बरोबर. पण बाय, आमच्या आंब्याच्या कॅनिंगात आमका येगळाच अनुभव. गावात कोन कोणाची काकी, कोन कोणाची वैनी. सगळ्यांसमोर एकीक बोललंस तर संध्याकाळपर्यंत वाडीत पोचता. बाजूक घेवन बोल. आणि लावणीच्या दिवसांत बायो शेतात जातलंच, ता आधी धरून चल. गणपतीत कोनच येवचो नाय, ता तर ब्रह्मदेवाक पण चुकला नाय.

सावंतवाडी_एचआर
काजूवाली, एक गोष्ट ट्रेनिंगची वाट न बघता करा. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असावी लागते. सोलणीला सगळ्या बायका असूनही लहान युनिटांत ही समिती कागदावरसुद्धा सापडत नाही. ट्रेनिंगच्या खर्चाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन पोर्टलवर मॅनेजमेंटचे कोर्स फुकट बघता येतात, सर्टिफिकेटची परीक्षा दिली तरच फी. बरेचसे इंग्रजीत आहेत, तेवढी अडचण.

काजूवाली_वेंगुर्ला
सगळ्यांचे आभार. काका, शेठना तुमचा प्रश्न विचारला. म्हणाले, "तुकडा कमी व्हायला हवा, बस." दराचा विषय काढला तर चहा मागवला! वही मात्र सुरू केलीय. एक लक्षात आलं, काही दिवस तुकडा सगळ्याच जणींचा वाढतो, हळू हात असलेल्यांचासुद्धा.

लोटे_रिटायर्ड
मग ते हातांचं नाही, बोर्म्याचं असणार. गर जास्त सुकला की ठिसूळ होतो आणि मोडतो. कमी सुकला तर साल सुटत नाही, मग बायका नखाने ओरबाडतात. दोन्हीकडून तुकडाच. वहीत त्या दिवशीची बोर्म्याची वेळ आणि बाहेर पाऊस होता का, एवढं जोडा.

आणि इथेच तुमच्या भाऊंचं काम आहे. त्यांना ट्रेनिंगला ओढत नेऊ नका. गर हातात घेऊन कधी काढायचा हे त्यांना कळतं, पण ते कुठे लिहिलेलं नाही. ते आजारी पडले तर बोर्मा कोण बघणार? तीन रकान्यांचा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसा. ते सांगतील, तुम्ही लिहा, आणि त्यांच्या हाताखालच्या पोराला त्या कागदावरून करून बघू दे. अनुभवी मॅनेजरच्या ट्रेनिंगमधला निम्मा भाग हाच, स्वतःला येतं ते दुसऱ्याला देता येणं. पुण्याच्या क्लासवाल्यांनाही फोन करून विचारा, आमच्या कामाचा असा कागद तिथे करून घेणार का. हो म्हणाले तर जा. नुसते खेळ असतील तर त्या पैशांत शेठना बोर्म्याला चांगला थर्मामीटर बसवायला सांगा.