सोलापूरच्या उन्हात सीएनजी की डिझेल? विषय संपलेला नाही

होटगी रोड
काल या ग्रुपवर एकानं लिहिलं, "सोलापुरात डिझेल घेणं म्हणजे पैसे जाळणं. वॅगनआर सीएनजी घ्या, विषय संपला." आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. वॅगनआरचं 1 लिटरचं इंजिन पेट्रोलवर 67 पीएस ताकद देतं, सीएनजीवर 57. पाच माणसं, एसी चालू आणि समोर तुळजापूरचा घाट, की तिसऱ्यात ओढत नाही, दुसरा टाकावाच लागतो. डिक्की टाकीनं खाल्लेली. ती टाकी 60 लिटरची म्हणतात ते पाण्याच्या मापानं. 200 बार दाबाला गॅस बसतो आठ-नऊ किलो. मे महिन्यात भर दुपारी भरला तर त्याहून कमी, कारण भरताना गॅस तापतो, काटा लवकर 200 ला जातो आणि भरणं थांबतं. रात्री तोच काटा खाली आलेला असतो. भरायचाच तर पहाटे भरा.
जुन्या डिझेल स्विफ्टचं 1248 सीसीचं इंजिन 2000 आरपीएमलाच 190 न्यूटन मीटर टॉर्क देतं. टेंभुर्णीपर्यंत पाचव्यातून हात काढावा लागत नाही. टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही. अशी गाडी दुसऱ्या हाताची नीट मिळाली तर घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

जुळे सोलापूर
मारुतीनं 2020 च्या एप्रिलमध्ये बंद केलेल्या इंजिनाच्या जोरावर आज डिझेल घ्या म्हणताय? आज शोरूममधून निघणाऱ्या बीएस6 डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी आहे. आसरा चौक ते सात रस्ता एवढंच रोजचं फिरणं असेल तर त्यात काजळी साठत जाते. ती जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. मधेच गाडी बंद केली की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालंय, बदला. ज्याचं रोज हायवेवर जाणं नाही त्यानं डिझेलकडे बघूच नये.

होटगी रोड
आठवड्यातून एकदा मोहोळपर्यंत 60 च्या वर एकसारखी चालवा, वीस मिनिटांत काजळी जळते. शहरापुरतं फिरणाऱ्याला डिझेल नको, एवढं मान्य. पण मूळ पोस्टमध्ये "सोलापुरात" असं सरसकट लिहिलंय, माझा राग त्यावर आहे.

अक्कलकोट रोड
दोघंही पेट्रोलवाल्याला विसरलात. वीस टक्के इथेनॉलनं ॲव्हरेज पडतंय त्याचं काय? लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या चारचाकीला 6 ते 7 टक्के घट लिहिलीय. दर मात्र पुरा घेतात!

मोहोळ
इथेनॉल आमच्या उसाचं आहे मालक. कारखान्याला त्याचे पैसे मिळतात म्हणून उसाचं बिल निघतं. इथं तो विषय नको.

बाळे
सगळं सोडा. सीएनजी गाडी उन्हात तापते हे कुणी बोलत नाही. उपाय सोपा आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाका, रेडिएटरमध्ये साधं पाणी भरा, तापमानाचा काटा अर्ध्यावर जातच नाही. पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता ओढतं, हे शास्त्र आहे.

विजापूर रोड
हा सल्ला वाचून राहवेना. थर्मोस्टॅट काढला की इंजिन 60-65 अंशांवरच फिरत राहतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून गारच आहे, ते इंधन जास्त सोडतं. ऑइलमधला ओलावा उडत नाही, आत गाळ धरतो. काटा खाली राहिला म्हणजे इंजिन सुखात आहे असं नाही.
त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या बुडाला दुसरी चकती असते. इंजिन तापलं की ती बायपासचं तोंड बंद करते. तुम्ही अख्खा थर्मोस्टॅट काढला की ते तोंड कायमचं उघडं. थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं आणि ट्रॅफिकमध्ये तीच गाडी जास्त तापते.

बाळे
गावातले मिस्त्री तीस वर्षं काढतायत, ते सगळे अडाणी?

विजापूर रोड
अडाणी कोण म्हणालं? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते खपत होतं, आज सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत नाही. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्यानं टांगा, थर्मामीटर लावा. अंगावर 82 कोरलं असेल तर त्या आसपास उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा घाला. काढून फेकू नका!
पाण्याचं म्हणाल तर ते उष्णता जास्त ओढतं, हे खरं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट केलं की ती क्षमता साधारण 15 टक्क्यांनी घटते. पण तुम्ही भरता बोअरचं पाणी. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात दुसरं काय भरणार! त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, वॉटर पंपाचं सील खातो. शिवाय रेडिएटरचं 1.1 बारचं टोपण ठीक असेल तर निम्मं-निम्मं मिश्रण 125 च्या पुढे उकळतं.

जुळे सोलापूर
आपल्याकडे पाणी गोठत नाही. निम्मं कूलंट कशाला?

विजापूर रोड
बरोबर. काही कंपन्यांच्या पुस्तकात 30 टक्के चालतं असं लिहिलेलं असतं, तुमच्या गाडीचं बघून घ्या. पण बाकीचं 70 टक्के डिस्टिल्ड पाणीच.
आणि गाडी तापायचं खरं कारण बहुतेक वेळा पुढं असतं. ऊस वाहतुकीच्या दिवसांत पंढरपूर-मोहोळ पट्ट्यात फिरलेल्या गाडीच्या एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे पाचट, धूळ चिकटून बसते. इंजिन गार असताना फॅनच्या बाजूनं बाहेर, साध्या पाइपनं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर मारलात तर फिन्स दुमडतात.

बाळे
थर्मोस्टॅट परत बसवतो. पण सीएनजी तापते हा माझा मुद्दा तसाच आहे.

जुळे सोलापूर
एअर फिल्टर वेळेवर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, आठवड्यातून दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा म्हणजे पेट्रोलचे इंजेक्टर चिकटणार नाहीत. टाकीची चाचणी तीन वर्षांनी. एवढं केलं तर सीएनजी सोलापुरात चालते. घाटात दुसरा टाकावा लागतो, तेवढं मान्य.

विजापूर रोड
बसवताना गॅस्केट नवं घ्या. आधी डिस्टिल्डनं दोन-तीनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कूलंट भरताना हीटर फुल गरमवर, टोपण उघडं ठेवून सावकाश ओता, वरचा होज पाइप दाबत राहा, हवा निघाली पाहिजे. मग इंजिन चालू ठेवा, फॅन दोनदा लागून बंद झाला की पातळी बघून टोपण लावा. त्याचं रबर कडक झालं असेल तर टोपणही नवं, आणि जुन्यावर 1.1 असेल तर 1.1 चंच.