मदत हवी आहे: वीस मिनिटांत कोणाकोणाला बसवू?

मंडळी, आठवी-नववीच्या मुलांसमोर वैज्ञानिक स्त्रियांवर बोलायचंय. वेळ फक्त 20 मिनिटं. मेरी क्यूरी त्यांना पाठ आहे, म्हणून तिला सरळ वगळलंय (रागावू नका).

सुरुवात 1885 च्या त्या फोटोने करीन. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी: साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. इथपर्यंत ठीक.

घोडं अडतंय भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइटनरपाशी. डिसेंबर 1938, स्वीडनमधलं बर्फ, सोबत भाचा ओटो फ्रिश. दोघं ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड करतायत: युरेनियमचं केंद्रक दुभंगलं तर एवढी ऊर्जा येते कुठून? प्रसंग झकास आहे. केंद्रक ताणलेल्या थेंबासारखं मधे बारीक होऊन तुटतं, हे मुलांना पटेल. पण वस्तुमान घटतं आणि त्याचीच ऊर्जा होते, हे फळ्यावर समीकरण न लिहिता कसं सांगू? कोणी वर्गात सांगितलंय का?

दुसरी अडचण खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेनची. तारे मुख्यतः हायड्रोजनचे, हे तिच्या 1925 च्या प्रबंधातल्या गणितातून निघालं होतं. रसेल या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून तिनेच ते आकडे बहुधा खरे नाहीत असं लिहिलं. 1929 मध्ये रसेल स्वतः त्याच निष्कर्षावर आले! हे ऐकून मुली हिरमुसतील की चिडतील? चिडलेल्या चालतील मला.

दोघींपैकी एकच ठेवायची तर कोणती? शिक्षक मंडळींनी जरूर सांगा.